काहिलीतली उल्का

माझी नोकरीतली निम्मी वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगण्यात गेली : हा दगड आकाशातून पडलेला नाही. नोकरी सरकारी होती, दगडधोंड्यांच्या खात्यातली. माझं काम पुण्याच्या प्रयोगशाळेत बसून खडकांचं रासायनिक पृथक्करण करण्याचं. पण आकाशातून पडलेले दगड गोळा करणं हेही खात्याचं एक काम होतं, आणि ते कुणालाच नको असल्यामुळे माझ्या गळ्यात आलं. माझा तेव्हा खात्यात कुणाकडे वशिला नव्हता, एवढीच माझी पात्रता.

दगड घेऊन येणारी माणसं मोठी मासलेवाईक असत. एक निवृत्त मुन्सफ रेशमी रुमालात गुंडाळून रेल्वे इंजिनातल्या जळक्या कोळशाची खंगर घेऊन आले होते. मी तसं म्हटल्यावर त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. मी त्या वेळी कुठे होतो, खंगर पडताना पाहिली का, रेल्वे त्यांच्या गच्चीवरून जाते का. एका बाईंना अंगणात उल्का सापडली होती. ती त्यांच्याच शेजारणीची टाच घासायची वजरी होती, कावळ्याने उचलून टाकलेली. बाईंनी ते मान्य केलं, पण वजरी परत द्यायला साफ नकार दिला, कारण एव्हाना तिची पूजा झाली होती. खात्याच्या नियमात वजरीबद्दल काहीच नव्हतं.

खरा उल्कापाषाण कसा ओळखायचा ते सांगतो, म्हणजे पुढची हकिकत नीट कळेल. हवेतून येताना दगडाचा बाहेरचा थर वितळतो आणि त्याच्यावर काळी पातळ साल बसते, अंड्याच्या कवचाइतकी पातळ. आत मात्र तो थंडगार असतो. जमिनीवर पडलेली उल्का धगधगत असते, ही समजूत चुकीची आहे आणि ती मोडून काढण्यात मला आजवर यश आलेलं नाही. बहुतेक दगडी उल्का आतून करड्या असतात, लोखंडाचे कण चमकतात, आणि हातात घेतल्यावर वजनदार लागतात. पण त्यांच्यात एक फार दुर्मीळ जात आहे. ती आतून बाहेरून काळी, कोळशासारखी, हलकी आणि ठिसूळ असते. बोटाला काजळी लागते. नाकाशी धरली तर डांबरासारखा, किंचित गंधकासारखा वास येतो. तिच्यात कार्बन असतो, गंधक असतं, चिकणमातीसारखी खनिजं असतात आणि त्या खनिजांत चक्क पाणी अडकलेलं असतं. मधून मधून खसखशीएवढे गोल पांढुरके दाणे दिसतात. पृथ्वीवरचा कुठलाही डोंगर ह्या दगडापुढे कालचं पोर आहे. सूर्याभोवती नुसता धुरळा फिरत होता तेव्हाचा हा माल. आणि एवढा पुरातन दगड एका पावसात भिजला की त्याचा चिखल होतो. म्हणून तो सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर कोरडा आणि न हाताळलेला मिळावा म्हणून आमचा जीव खाली-वर होतो.

पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. माघातले दिवस होते. इंदापूर तालुक्यातून एक सीलबंद डबा आला. वर तलाठ्याची चिठ्ठी : ‘मौजे कळस शिवारातील गुऱ्हाळात पडलेली उल्का, काहिलीतून काढलेली.’ डबा उघडला तर आत काळाभोर चिकट गोळा, आणि त्याला मुंगळे लागलेले.

आमचे मोठे साहेब परदेशी शिकून आलेले. आकाशातल्या कार्बनी दगडांत जीवसृष्टीचा काही मागमूस लागतो का, ह्या प्रश्नाने त्यांना झपाटलं होतं. त्यांनी मुंगळे चिमट्याने बाजूला केले आणि स्वतः चाचणी घेतली. एक निळं द्रावण असतं. त्यात साखर घालून गरम केलं की ते विटकरी होतं. मधुमेह्यांची लघवी तपासायला डॉक्टर लोक तसलंच वापरत. द्रावण विटकरी झालं. त्या हिशेबाने आकाशाला मधुमेह झाला होता.

“साखर!” साहेब खुर्चीतून उठले. “दगडात साखर!”

“साहेब, वास गुळासारखा येतोय,” मी म्हणालो.

“आकाशातल्या साखरेला कसला वास यावा, असं तुमचं म्हणणं आहे?”

“पण मुंगळेही लागलेत,” मी चाचरत म्हणालो.

“म्हणजे मुंगळ्यांनाही पटलंय,” साहेब म्हणाले आणि लगेच शोधनिबंधाची सुरुवात लिहायला बसले. मला हुकूम झाला : आजच निघा, मूळ दगड घेऊन या, कोरडा आणि स्वच्छ.

दौंडहून बारामतीपर्यंत छोटी गाडी होती. ती इतक्या सावकाश जाई की वाटेत उतरून उसाचं कांडं मोडून घ्यावं आणि परत चढावं. पुढे एका भाजीवाल्याच्या रिकाम्या बैलगाडीतून कळसला पोचलो. तलाठी चावडीतच भेटले. अंगावर कोट, चेहऱ्यावर मोठी जबाबदारी. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे लाखेची सीलं मारलेल्या गुळाच्या ढेपी एकावर एक रचल्या होत्या. काळ्याकुट्ट. दाराशी एक कोतवाल बसला होता आणि फडक्याने माश्या वारत होता.

“हा सगळा मुद्देमाल,” तलाठी म्हणाले. “उल्का काहिलीत पडली, विरघळली, आणि ह्या ढेपींत उतरली. आकाशातून पडलेली वस्तू सरकारची. म्हणून ढेपी सरकारजमा केल्या. आता तुम्ही ताब्यात घ्या म्हणजे मी सुटलो.”

“एवढा गूळ मी पुण्याला कसा नेऊ?”

“गूळ नाही साहेब, उल्का. पंचनाम्यात गूळ हा शब्दच नाही.”

मी म्हटलं, आधी जागा दाखवा. रंगरावांचं गुऱ्हाळ गावाबाहेर कालव्याच्या अंगाला होतं. रंगराव म्हणजे मालक, भरघोस मिशांचे, बोलायला मोकळे. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल चरक फिरवतात, त्यात ऊस पिळला जातो. रस मोठ्या थाळ्यासारख्या लोखंडी काहिलीत घालून खाली चिपाडांचा जाळ करतात. रस उकळतो, मळी वर येते, ती काढतात, रस आटतो. नेमक्या घटकेला पाचसहा जण वासे घालून काहील उचलतात आणि रस निवायला पसरट वाफ्यात ओततात. ती घटका कुठली, हे ज्याला कळतं तो गुळव्या. घटका चुकली की गूळ पातळ राहतो नाहीतर करपतो. गुऱ्हाळाचा मालक कुणीही असो, राज्य गुळव्याचं असतं.

मी चौकशी सुरू केली. रंगराव म्हणाले, “दोन परहर टळली हुती. आभाळ निरभ्र. आन् एकदम तोफ सुटावी तसा आवाज झाला. धडाड्! मंग घरघर घरघर, विमानावानी. आन् धप्पदिशी काय तरी पडलं.”

“तुम्ही कुठे होतात?”

“हितंच. चरकापाशी. जागंवरनं तसूभर हाललो न्हाय.”

“मग दगड काहिलीत पडताना पाहिलात?”

“न्हाय बा. पडताना न्हाय बघितला.”

चरकावरच्या माणसाला विचारलं. तोही जागेवरून हलला नव्हता आणि त्यानेही काही पाहिलं नव्हतं. चुलवाणाशी जाळ घालणारा गडी काहिलीपासून हातभर अंतरावर बसलेला. तोही जागचा हलला नव्हता. त्याने तर आवाजही नीट ऐकला नव्हता. मी नोकरीत पुष्कळ साक्षी घेतल्या आहेत, पण इतके धीराचे आणि इतके आंधळे लोक एका ठिकाणी पुन्हा कधी भेटले नाहीत. फक्त बैलांबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. बैल पळाले होते.

“मग दगड काहिलीत पडला हे कशावरून?”

“इमामभाई म्हणत्यात,” रंगराव जरा थंडपणे म्हणाले. “गूळ काळा झालाय न्हवं? त्यो कशानं झाला मंग?”

इमामभाई म्हणजे त्यांचा गुळव्या. उंच, वाळलेला, दाढी पांढरी झालेला माणूस. बाजूला कडुलिंबाखाली बसला होता. इंदापूर-बारामती दोन्ही तालुक्यांत त्यांच्या हाताचा गूळ व्यापारी डोळे झाकून उचलत असत, हे मला बैलगाडीवाल्याने वाटेतच सांगितलं होतं. आणि पुढे असंही सांगितलं होतं की आता गूळ काळा झाल्यापासून लोक म्हणायला लागलेत, इमामभाईची नजर गेली, घटका कळत नाही. सांगवीच्या आबांनी त्यांना आपल्या गुऱ्हाळावर पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. आबांचा निरोप आला, घाई करू नका, विश्रांती घ्या. गुळव्याला विश्रांती घ्या म्हणणं म्हणजे काय, हे त्या भागात सगळ्यांना समजत होतं.

मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि दगड मागितला. त्यांनी मडक्यातून, कोरड्या राखेत पुरून ठेवलेला कवठाएवढा तुकडा काढला आणि माझ्यासमोर धरला, पण हातात दिला नाही. तीन अंगांना ती काळी पातळ साल, चौथ्या अंगाला ताजी मोड, आत कोळशासारखा काळा आणि मधे ते खसखशीएवढे दाणे. मी नाक जवळ नेलं. डांबर. एवढी वर्षं वजऱ्या आणि खंगरी तपासल्यावर अखेर खरी वस्तू समोर होती, आणि तीही त्या दुर्मीळ जातीची, कोरडी ठणठणीत. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

“कुठे मिळाला?”

“चिपाडाच्या ढिगावर. म्हनून तर फुटला न्हाय फार. हे बघा, हितं मोड हाय. ह्याचा आर्दा भाग काहिलीत पडला.”

“इमामभाई, हा मला पुण्याला न्यायचाय.”

“न्या की. पर आदी समद्या लोकांपुढं सांगा, गूळ ह्या दगडानं काळा झाला.”

“ते मी तपासल्याशिवाय कसं सांगू?”

“तपासायला नेला आन् परत आलाच न्हाय, तर माझ्यापाशी काय राहिलं? माझं नाव ह्या दगडात हाय सायेब. कळंबपास्नं सांगवीपत्तुर मला कोन गुळव्या म्हनून इचारतं आता?”

त्यांना कसं सांगावं मला कळेना की तपासायचा म्हणजे कुटायचा, जाळायचा, तेजाबात घालायचा. त्या दगडाचं परत यायला काही उरतच नाही. मी पेटीतून काचेची एक अरुंद नळी काढली, तुकड्याचा कणभर चुरा त्यांच्या परवानगीने नळीत टाकला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे बारीक थेंब जमले, आणि मग तपकिरी तेलकट डाग. भोवती माणसं गोळा झाली होती.

“दगडाला घाम फुटला,” कुणीतरी म्हणालं.

“हे पाणी पृथ्वीवरचं नाही,” मी जरा छाती फुगवून सांगितलं.

“मंग पाटपान्याचा हप्ता न्हाय ना बसायचा?” रंगरावांनी विचारलं. सगळे हसले. इमामभाई तेवढे हसले नाहीत. ते नळीकडे बघत होते. त्यांना त्या थेंबांत काही रस नव्हता, दगडातनं काळं निघतं की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं.

कायद्याने मला तो दगड हिसकावून नेता आला असता. कोतवाल होता, तलाठी तर एका पायावर तयार होते. पण मला तो माणूस आवडला होता. आणि फार न हाताळता दगड कोरडा ठेवायची अक्कल त्याला होती, खात्यातल्या अर्ध्या लोकांना ती नव्हती. शेवटी इमामभाईंनीच तोड काढली. दगडाचे दोन भाग करायचे. एक मला. दुसरा सगळ्यांसमोर उकळत्या काहिलीत टाकायचा. गूळ काळा झाला की दगडाचा दोष सिद्ध. सांगवीच्या आबांनाही बोलवायचं.

अर्धी उल्का उसाच्या रसात! जगात कुठल्याही प्रयोगशाळेने हे ऐकलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं. पण मी स्वतःची समजूत घातली की हाही प्रयोगच आहे. दगड खरंच काहिलीत पडला असेल तर चावडीतल्या ढेपी हा खात्याचा नमुना ठरतो. नसेल तर साहेबांची साखर निव्वळ उसाची. हे जागेवर ठरवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. मी हो म्हणालो आणि लगेच मला पश्चात्ताप झाला, पण इमामभाईंचा चेहरा इतका उजळला होता की शब्द मागे घेण्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावर जत्रा लोटली. सांगवीचे आबा छकड्यातून आले, पांढरं धोतर, हातात काठी. ते कुणाशी बोलले नाहीत, काहिलीसमोर खाट टाकून बसले. मी दगडाचे दोन भाग केले. माझा भाग काचेच्या बरणीत घालून बूच लावून मांडीत घेतला. तलाठ्यांनी पंच बोलावले. चरक फिरला, रस आला, काहील चढली.

रस तापला तसं इमामभाईंनी अर्धा दगड दोन्ही हातांत घेतला, सगळ्यांना दाखवला आणि हळूच काहिलीत सोडला. चर्रदिशी आवाज झाला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. पुढची रांग मागे सरकली. बघता बघता दगड विरघळून चिखल झाला आणि सोनेरी रसात काळे लोट फिरायला लागले. बायकांनी पदर नाकाला लावला. रंगराव कपाळावर हात मारून म्हणाले, “गेली आजची बी काहील.” साडेचारशे कोटी वर्षं अंतराळात सुखरूप राहिलेला दगड माझ्या डोळ्यांदेखत कळसच्या उसात मिसळत होता.

आता इथे गुऱ्हाळातली एक युक्ती सांगितली पाहिजे. रस स्वच्छ व्हावा म्हणून गुळव्या त्यात रानभेंडीची झाडं कुटून त्यांचा चिकट रस घालतो. ती बुळबुळ रसातली सगळी घाण धरून वर आणते, आणि ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. भेंडी घातली नाही तर घाण रसातच राहते.

तलाठी इमामभाईंच्या कानाशी लागले. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. “इमामभाई, आज भेंडी नको. झारा बी जरा सबुरीनं. काळा रंग आपोआप गुळात उतरंल. तुमचंबी काम झालं, माझा पंचनामाबी टिकला.”

इमामभाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की कसं, ते मला कळलं नाही. ते काहिलीशी उभे राहिले. कुटलेली भेंडी बादलीत बाजूला तयार होती. उकळी आली. काळा फेस कडेला साचायला लागला. त्यांनी हात मागे बांधले. फेस वाढला. त्यांनी आबांकडे पाहिलं, रंगरावांकडे पाहिलं. मग रसाकडे. मला वाटतं, तो घाणेरडा रस त्यांना बघवेना. त्यांनी हात सोडले, बादली उचलली आणि भेंडी काहिलीत ओतली. तलाठ्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं मी विसरणार नाही. भेंडी पसरली आणि काळे लोट तिच्यात गुरफटून वर यायला लागले. जाड काळी मळी तरंगली. इमामभाईंचा झारा चालू झाला. कड घेतली, मधलं घेतलं, परत कड. गड्याला ओरडून जाळ कमी करायला लावला, परत वाढवायला लावला. कुणाकडे लक्ष नाही, खटला चाललाय ह्याचं भान नाही. रस तांबूस झाला, मग मधासारखा. त्यांनी थोडा रस पाण्यात टाकून गोळी केली, बोटांत फिरवली आणि आरोळी दिली, “उतरवा!” वासे लागले, काहील उचलली, वाफ्यात रस ओतला. निवायला लागला तसा तो गूळ असा पिवळाधमक झाला की उन्हात बघवेना.

इमामभाईंनी एक ढलपी मोडली आणि आनंदाने माझ्यापुढे धरली. “सायेब, रंग बघा. कन बघा कसा पडलाय.”

आणि मग त्यांना आठवलं. हात तसाच राहिला. सगळ्या गावासमोर त्यांनीच दाखवून दिलं होतं की दगड घालूनही गूळ काळा होत नाही. तलाठी खाली बसले.

“कशाला घातली भेंडी?” मी हळू आवाजात विचारलं. मला खरंच वाईट वाटत होतं.

“नाव राखायला गूळ नासवायचा सायेब? मंग नाव कशाचं राखायचं?”

रंगराव पुढे आले. “म्हंजी दगडाचा दोष न्हाय.”

“न्हाय मालक,” इमामभाई म्हणाले. मान खाली होती, पण आवाज खणखणीत होता. “दगड काहिलीत पडलाच न्हाय, फुटला त्यो चिपाडावरच. माझा दोष हाय. त्या दिशी धडाड् झालं आन् मी काहील सोडून पळालो. उसात शिरलो. मला वाटलं कयामत आली. परत आलो तवर समदं करपलं हुतं. एकट्याला काहील उचलंना. बाकी कुनी नव्हतंच.”

“उसात?” रंगरावांचे डोळे बारीक झाले. “कालव्याकडच्या?”

“व्हय.”

“म्हंजी माझ्या पाठीवर पाय दिऊन पुढं गेला त्यो तू?”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग चुलवाणावरचा गडी तोंड दाबून हसायला लागला. रंगरावांना उमगलं की आपण काय बोलून बसलो. जागेवरून तसूभर न हललेले रंगराव त्या दिवशी उसात पालथे पडले होते. मग एकेकाची तोंडं उघडली. चरकावरचा कालव्याच्या नळीत शिरला होता. जाळ घालणारा गडी चुलवाणात कवळाभर चिपाडं कोंबून लिंबावर चढला होता, म्हणून तर गूळ एवढा करपला. लिंबावरून त्याला सगळे पळताना दिसले होते, पण स्वतः झाडावर असल्यामुळे त्याला ते सांगता येत नव्हतं. शेवटी जागेवर थांबलं होतं कोण, तर उल्का.

हसण्याचा असा कल्लोळ झाला की बैल पुन्हा बिथरले. पण इमामभाई हसत नव्हते. ते आबांकडे बघत होते. आबा अजून खाटेवरच होते. ते उठले, काठी टेकत वाफ्यापाशी गेले, गुळाचा खडा मोडला आणि तोंडात टाकला. आबांना दात कमी होते, त्यामुळे बराच वेळ लागला.

“इमाम,” ते म्हणाले, “आभाळ कोसळल्यावर मीबी पळालो असतो. ते सोड. दगड घालून असला गूळ काढतोस, तर बिनदगडाचा कसला काढशील! उद्या सांगवीला यायचं. छकडा धाडतो.”

इमामभाईंनी डोक्याचं फडकं काढलं आणि डोळ्यांना लावलं. धुरामुळे असेल, असं रंगराव म्हणाले. मलाही धूर लागला होता.

मळीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अर्धी उल्का त्या मळीत होती. निदान तेवढी तरी सुकवून घ्यावी म्हणून मी शोधायला गेलो, तर ती रीतीप्रमाणे म्हशीपुढे ओतली होती. म्हैस टोपलं चाटून स्वच्छ करत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पोटात त्या वेळी पृथ्वीपेक्षा जुना ऐवज होता आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

पुण्याला आल्यावर साहेबांनी माझ्या हातून बरणी जवळजवळ ओढूनच घेतली. त्यांनी स्वच्छ तुकड्यातला चुरा घेऊन तीच चाचणी केली. निळं द्रावण निळंच राहिलं. पुन्हा केली. निळंच. तुकड्यात कार्बन निघाला, गंधक निघालं, पाणी निघालं, बेंझीनमध्ये धुतल्यावर डांबरासारखा तपकिरी अंश निघाला. खरं म्हणजे हीसुद्धा थक्क होण्यासारखीच गोष्ट होती. पण साखर नाही. साहेबांनी शोधनिबंधाचे कागद गोळा केले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले. मला त्यांची कणव आली. माणूस मनापासून आकाशात गोडवा शोधत होता. मग त्यांचं लक्ष बरणीकडे गेलं.

“हा अर्धाच दिसतोय. दुसरा भाग?”

“चाचणीत खर्च झाला, साहेब.”

“कसली चाचणी?”

मी पिशवीतून रंगरावांनी दिलेली छोटी ढेप काढली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलून फिरवून पाहिली. मग कोपऱ्याचा एक खडा मोडून त्यांनी जिभेवर ठेवला. त्यांचा राग हळूहळू उतरताना मला दिसत होता. त्यांनी दुसरा खडा मोडला.

“ह्याच्यात अर्धी उल्का गेलीय म्हणता?”

“नाही साहेब. ह्याच्यातून अर्धी उल्का काढून टाकलीय. इमामभाईंनी.”

“हे कोण इमामभाई?”

“गुळव्या आहेत, इंदापुराकडचे,” मी म्हणालो. “फार नाव आहे त्यांचं.”